मामांच्या मागाची फणी

ही गोष्ट लिहायची मी आयुष्यभर टाळली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता वेळच वेळ आहे, लिहून टाकू. मग घराचं बांधकाम निघालं. ते उरकलं तर बायकोचं आजारपण सुरू झालं. ती गेल्यावर घरात सबब म्हणून सांगावं असं काही उरलं नाही, तरी पुढचे दोन उन्हाळे मी वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवण्यात घालवले.

मागच्या महिन्यात नातवाच्या मोबाइलवर बँकेचा फोन आला. त्यानं शिक्षणासाठी कर्ज काढलंय आणि नोकरी अजून कच्ची आहे. फोन माझ्या हातात देऊन त्यानं खुणेनं सांगितलं, मी नाही म्हणून सांगा. मी म्हणालो, "तो बाहेरगावी गेलाय. फोन घरीच विसरला बघा." पलीकडच्या मुलीनं माझे आभार मानले. नातू खूश होऊन म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर एकदम सराईत निघालात!"

सराईत होतोच. सराव कुठं झाला, हे त्याला माहीत नाही. त्याच दुपारी लिहायला बसलो.

यात कुणाचं नाव घालत नाही. आमच्या गल्लीतली माणसं आता नसली तरी त्यांची मुलंबाळं आहेत, आणि नाव न घालताही ओळखणारे ओळखतीलच.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत माझं लहानपण गेलं. घराघरांतून माग चालायचे. सकाळी जाग यायची तीच खटक-खटक अशा आवाजानं, आणि तो आवाज थांबला तर शेजारी विचारायला यायचे, काय झालं म्हणून. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. आई विड्या वळायची. शेजारच्या घरात एक विणकर राहायचे. नात्यानं कुणी नव्हते, पण मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामा तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात कालवून बोलायचे, आणि रागावले की शेवटाला "बे" लावायचे. प्रेमात आले तरीही "बे"च लावायचे, त्यामुळे नवख्याला फरक कळायचा नाही.

त्यांचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला होता. खड्ड्याच्या काठावर बसून, पाय खाली सोडून मामा लुगडी विणायचे. त्या मागाची फणी त्यांच्या वडिलांच्या वेळची होती, बोरूच्या काड्यांची. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मागावर ताणलेला उभा दोरा, म्हणजे ताणा, तो एकेक करून फणीच्या फटींतून ओवलेला असतो. आडवा धागा टाकला की विणकर फणी स्वतःकडे ओढतो आणि तो धागा घट्ट बसवतो. फणी नसेल तर मागावर नुसते दोरे राहतात, कापड होत नाही.

आमच्या दोन-चार गल्ल्यांचा मिळून एक शिक्षण फंड होता. विणकर दर लुगड्यामागं थोडे पैसे त्यात टाकायचे आणि त्यातून शिकणाऱ्या मुलांना बिनव्याजी कर्ज मिळायचं. नोकरी लागली की दरमहा हप्ता भरायचा. कागदबिगद फारसे नव्हते, पण जामीन लागायचा, आणि तो चालता माग असलेला विणकरच पाहिजे. जामीन द्यायची रीतही ठरलेली होती. फंडाचे दोन वडीलधारे विणकराच्या घरी यायचे, शिकणाऱ्या मुलाला मागापाशी बसवायचे, आणि विणकर त्याचा हात धरून फणीवर ठेवायचा. याला आमच्याकडं "फणी दिली" म्हणायचे. मुलानं पैसे बुडवले तर फंडाचा माणूस येऊन ती फणी काढून नेणार, आणि एकदा फणी नेली की शहरातला कुठलाही सूतवाला शेठ त्या विणकराला सूत देणार नाही. बाजारात दुसरी फणी विकत मिळायची, त्याला अर्थ नव्हता. फणी गेली म्हणजे शब्द गेला, असा हिशेब होता. आणि ती परत आणायची ती कर्ज घेणाऱ्यानंच, दिवसाढवळ्या, स्वतःच्या हातात धरून, सगळ्या गल्लीतून चालत. आणून विणकराच्या मांडीवर ठेवायची. माफी मागणं वगैरे वेगळं काही नसायचं. ते चालणं हीच माफी.

मला पुण्याला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा मामांनी माझा हात धरून फणीवर ठेवला. वडीलधाऱ्यांतले एक म्हणाले, "बघा हं, पोरगा पुण्याला चाललाय. तिकडचं वारं लागतंय पोरांना."

मामा म्हणाले, "ह्याला वारं कशाचं लागतंय? उपाशी पोराला वारं लागलं तर पडंल की बे ते!"

सगळे हसले. मीही हसलो. फणीच्या काड्या तळव्याला टोचत होत्या आणि मामांनी हात दाबून धरला होता.

डिप्लोमा एक वर्ष उशिरा पुरा झाला. नोकरी त्याहून उशिरा लागली. सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत मी ओव्हरसियर झालो. कालव्यांची मोजमापं घ्यायची, नकाशे करायचे, जीपमधून साइटवर जायचं. पहिले काही महिने मी हप्ता दिला नाही, कारण खरंच जमत नव्हतं. आईचं औषध होतं, पुण्यातल्या मेसची उधारी होती. तेव्हाच फंडात जाऊन तसं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण मी गेलो नाही. मग जमायला लागलं, पण तोवर न देण्याची सवय झाली होती. मी पूर्व भागातली आमची खोली सोडून सात रस्त्याच्या बाजूला भाड्यानं खोली घेतली. आई म्हणाली, "मी हितंच बरी." मी फार आग्रह केला नाही. टेरिलीनचे शर्ट शिवले. कचेरीत कुणी विचारलं, राहणार कुठले, तर मी "इथलाच" म्हणायचो आणि विषय बदलायचो.

फंडाची वसुली एक वयस्कर गृहस्थ करायचे. गिरणीतून निवृत्त झालेले, डोक्यावर काळी टोपी, सायकलच्या हँडलला बारमाही अडकवलेली छत्री. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. इतकं सभ्य बोलायचे की सगळ्या कचेरीचं लक्ष तिकडं जायचं.

"साहेब आहेत का? म्हणावं फंडातून आलोय. साहेब कामात असतील तर थांबतो. मला काही घाई नाही, साहेब."

आमचा शिपाई आत येऊन म्हणायचा, "साहेब, छत्रीवाले आलेत. काय सांगू?"

"साइटवर गेलेत म्हण."

"काल तेच सांगितलंय की."

"मग आज दुसऱ्या साइटवर म्हण."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान वर न करता विचारायचा, "सासरे का हो तुमचे? फारच माया दिसते."

मी मागच्या जिन्यानं उतरायचो. एकदा नकाशांच्या खोलीत दार लावून बसलो आणि ते जाईपर्यंत एका कालव्याची तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत राहिलो. छत्री सायकलवरून दिसेनाशी झाली की मला हसू यायचं, शाळेत गुरुजींना चुकवल्यासारखं. मला खरोखर हसू यायचं, हे लिहिलंच पाहिजे.

मी सापडत नाही म्हणून ते मामांकडं जायला लागले. हे मला आईकडून कळायचं. मामा त्यांना चहा द्यायचे, माग चालूच ठेवायचे. ते मागाकडं बघत बसायचे आणि निघून जायचे, कारण मागावर ताणा होता. मागावर ताणा असताना फणी न्यायची तर सगळे दोरे कापावे लागतात. सूत शेठचं असतं, आणि अर्धं विणलेलं कापड कापणं आमच्याकडं माणूस कापण्यासारखं मानायचे. ताणा संपेपर्यंत थांबायचं, हा वसुलीचाही नियम होता. पण विणकराचा ताणा असा संपत नाही. एक संपत आला की त्याची शेवटची टोकं फणीत तशीच ठेवून त्याला नव्या ताण्याचे दोरे पिळून सांधतात. सगळेच तसं करतात, कारण फणी पहिल्यापासून ओवायची म्हणजे दोन माणसांचे दिवसच्या दिवस जातात. त्यामुळं फणी कधी मोकळी होत नाही. छत्रीवाले महिन्यामागून महिने येत राहिले आणि मामा जुन्याला नवं सांधत राहिले. फणी वाचवायची म्हणून ते सांधत नव्हते. तो त्यांचा रोजचा धंदाच होता, आणि मी त्याच्या आडोशाला निवांत बसलो होतो.

फक्त वर्षातून एकदा मामा माग पुरता मोकळा करायचे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. सगळे विणकर त्या दिवशी मागाची पूजा करतात, धोटा, कात्री, माप सगळं मांडतात, पण फणी कुणी काढत नाही. मामा काढायचे. त्यांचा तो हट्ट होता. "बाईमाणूससुद्धा वर्षातनं एकदा माहेरी जातंय की," ते म्हणायचे, "हिलाच का बांधून ठिवायचं?" मामी कुरकुरायच्या, पण मामा ऐकायचे नाहीत. ओल्या फडक्यानं ते तिच्या काड्यांमधली खळ आणि कापसाचे तंतू काढायचे, बोटानं तेल लावायचे, हळदकुंकू लावून पाटावर ठेवायचे. दसरा झाला की नवा ताणा पहिल्यापासून ओवायचा. त्याला दोन माणसं लागायची. मागच्या बाजूला बसून एकेक दोरा निवडून पुढं करायचा आणि समोरून मामांनी तो आकडीनं फटीतून ओढून घ्यायचा. लहानपणापासून तो मागच्या बाजूचा माणूस मी होतो. दोरा दे, दोरा घे, असं दिवसभर चालायचं. मी पेंगलो की मामा आकडी माझ्या नाकाला लावायचे. "झोपला काय बे? दोरा चुकला तर लुगड्यात रेघ दिसंल, आणि नेसणारी तुला शिव्या घालंल."

गल्ली मामांचा हा हट्ट विसरून गेली होती. नवरात्रात सगळेच माग थांबलेले असायचे, कोण कुणाच्या मागात डोकावतंय? मामींना माहीत होतं आणि मला.

माझं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील पुण्याला नोकरीला होते. एकदा ते कामासाठी सोलापूरला येणार होते आणि माझ्या कचेरीत डोकावून जाणार होते, म्हणजे मला बघूनच जाणार होते. त्या दिवशी मी नवा शर्ट घालून खाली उतरलो, तर फाटकापाशी सायकल. छत्रीवाले टोपी काढून घाम पुसत होते. नवरात्र तोंडावर आलं होतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांना समोरच्या हॉटेलात नेलं आणि रस्त्याकडं पाठ करून बसलो. चहा मागवला. माझ्या खिशात त्या दिवशी पैसे होते. स्कूटरचा नंबर लावायचा होता, त्याची अनामत रक्कम भरायला मी दुपारी जाणार होतो. त्यातून चार हप्ते सहज गेले असते.

"आज थोडं तरी द्या, साहेब," ते म्हणाले. "मला फंडाच्या पंचांना तोंड दाखवायचं असतं."

"पुढच्या महिन्यात नक्की."

"पुढचा महिना फार वर्षांपासून येतोय, साहेब."

मी घड्याळ बघितलं. म्हणालो, "हे बघा, इथं कचेरीत येत जाऊ नका. लोक बघतात. जामीन मामा आहेत ना? त्यांच्याकडं जा."

"जातो की. दर महिन्याला जातो. चहा घेतो, येतो." ते हसले. "मागावर ताणा आहे, साहेब. एक संपला की दुसरा सांधलेला. आता दोरे कापून फणी काढणारा माणूस मी नाही. माझाही बाप विणकरच होता."

रस्त्यावर टांगा थांबल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, पुण्याचे पाहुणे आले. यांनी उठावं, एवढंच मला हवं होतं. मी म्हणालो, "खंडेनवमीला जा. त्या दिवशी त्यांचा माग मोकळा असतो."

त्यांनी कप खाली ठेवला. "मोकळा? म्हणजे फणी काढलेली?"

"पाटावर असते. पूजेला."

"तुम्हाला नक्की ठाऊक?"

"मीच ओवायला बसायचो की," मी म्हणालो.

त्यांनी कप बाजूला सारला. चहा अर्धाच पिऊन झाला होता. त्यांनी टोपी घातली, स्वतःच्या चहाचे पैसे टेबलावर ठेवले, आणि पहिल्यांदाच मला साहेब न म्हणता उठले. टांग्यातून पाहुणे उतरले नव्हते. कुणीतरी बाई पोत्यासकट उतरत होती. पाहुणे तासाभरानं आले, कचेरी बघून खूश झाले. दुपारी जाऊन मी स्कूटरचा नंबर लावला.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गल्लीत गेलो नाही. आईला निरोप पाठवला, साइटवर काम आहे.

पुढचं मला आईनं सांगितलं. मामी म्हणत होत्या, या वर्षी फणी काढू नका, डोक्यावर वसुली आहे. मामा म्हणाले, सणासुदीला कोण वसुली करतंय? त्यांनी नेहमीसारखी फणी काढली, पुसली, तेल लावलं. पूजा झाल्यावर ते गृहस्थ दारात उभे राहिले. सोबत फंडाचे दोन वडीलधारे. छत्रीवाल्यांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन फणीला हात जोडले, आणि मान खाली घालूनच म्हणाले, "न्यायला आलोय."

मामांनी विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

ते म्हणाले, "कळलं."

मामांनी पुन्हा विचारलं नाही. फणी स्वतः फडक्यात गुंडाळून दिली. हळदकुंकू ओलं होतं, ते फडक्याला लागलं. आई म्हणाली, "बाहेरच्या माणसाला हे कसं कळलं असंल रे?" आणि माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, गल्लीत काय लपून राहतंय? ती उठून चुलीपाशी गेली.

दिवाळीच्या लुगड्यांचं सूत मामांना मिळालं नाही. माग उभा राहिला. काही दिवसांनी ते यंत्रमागाच्या कारखान्यात पाळीवर जायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेनं विणलं, तो भोंग्याला जाऊन चादरींचे माग सांभाळायला लागला. त्या पगारातून ते माझे हप्ते भरू लागले. हे कळलं तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. मी आईकडं म्हणालो, "त्यांनी मला सांगायचं तरी."

आई म्हणाली, "तुला? कुटं सांगायचं? तू साइटवर असतोस की."

त्या वाक्यानंतर मी दोन रात्री नीट जेवलो नाही. मग फंडात गेलो आणि उरलेलं सगळं कर्ज एकदम भरून टाकलं. मामांनी भरलेले हप्ते आईच्या हाती त्यांच्याकडं पाठवले. मामींनी ते घेतले. न घेऊन त्यांना परवडणारं नव्हतं. फंडाच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांना चार-पाच फण्या टांगलेल्या होत्या. मामांची त्यात लगेच ओळखू आली, कुंकवाचा डाग वाळून काळा झाला होता. छत्रीवाल्यांनी ती काढून माझ्यापुढं धरली.

"न्या. दिवस आहे अजून. चालत पंधरा मिनिटं लागतील."

मी खिडकीतून गल्लीकडं बघितलं. ओट्यांवर बायका विड्या वळत बसल्या होत्या. ओळखीचे म्हातारे पान खात होते. त्या सगळ्यांच्या समोरून, टेरिलीनच्या पँटीत, हातात फणी धरून जायचं. प्रत्येकाला कळणार होतं. आणि शेवटी मामांच्या दारात पोचल्यावर त्यांच्या डोळ्यांत बघायचं.

मी म्हणालो, "मला आता साइटवर जायचंय. तुम्हीच पोचवाल का?"

त्यांनी माझ्याकडं रागानंही बघितलं नाही. त्यांनी फणी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, सायकलच्या मागं बांधली आणि गेले. छत्री हँडलला होतीच.

संध्याकाळी आईला भेटायला गेलो तर ती म्हणाली, "फणी आली. तू न्हाई आलास."

मामांनी ती फणी मागावर चढवली नाही. जो न्यायला लावतो त्यानं आणून मांडीवर ठेवल्याशिवाय ती चढवायची नसते, हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. सूतवाल्या शेठलाही माहीत होतं. मामांनी ती मागाच्या वर खुंटीला टांगली आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले. हळूहळू खड्ड्यावर फळ्या टाकल्या, त्यावर मामी तेंदूची पानं वाळत घालू लागल्या.

मी जाईन असं रोज ठरवायचो. एक फणी खुंटीवरून काढून एका म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवायची, एवढंच काम होतं. कालव्यासाठी मी डोंगर फोडायचे अंदाज काढत होतो त्या दिवसांत. स्कूटर आली. तिच्यावरून मी पूर्व भागाच्या तोंडापर्यंत जायचो, आईला भेटून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचो. मामांच्या दारावरून जायला लागू नये म्हणून.

एकदा मात्र गेलो. आईनं सांगितलं होतं की मामांना ऐकायला कमी येतंय आणि ते सारखं माझं विचारतात. घरी जायचं धाडस झालं नाही, म्हणून मी सरळ कारखान्यात गेलो. पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना यंत्रमाग, आणि असा आवाज की छातीत थडथडायला लागलं. हवेत कापूस उडत होता. मामा शेवटच्या मागांपाशी उभे होते, कानांत बोळे, भुवयांवर पांढरा तंतू. मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यांना कळलं नाही. मग वळले, आणि चेहरा उजळला. खरोखर उजळला. मला ते नको होतं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, शर्टाचं कापड दोन बोटांत धरून तपासलं, जसं ते कुठलंही कापड तपासायचे, आणि ओरडून म्हणाले, "गिरणीचं हाय बे! धुतल्यावर आटंल!"

मी रस्ताभर वाक्यं जुळवून आणली होती. ती म्हणालो. आवाजात माझी मलाच ऐकू आली नाहीत.

मामांनी एका कानातला बोळा काढला, कान माझ्या तोंडापाशी आणला. "काय?"

बाजूच्या मागावरचा माणूस आमच्याकडं बघत होता. आता ओरडायला लागणार होतं. ते वाक्य, शेडभर ऐकू जाईल असं.

"तब्येत बरी आहे ना?" मी ओरडलो.

"हाय की! मला काय धाड भरलीय?" एक दोरा तुटला, त्यांनी माझ्याशी बोलता बोलता माग थांबवला, दोरा सांधला, माग चालू केला. बोटं तीच होती. मग पुन्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खंडेनवमीला ये बे! फणी पुसायची हाय. लई धूळ बसलीय!"

त्यांना ठाऊक होतं. तेव्हाही मला तसं वाटलं आणि आज तर शंकाच नाही. फणी कधी मोकळी असते हे त्यांच्या घराबाहेर एकाच माणसाला माहीत होतं, आणि तोच दिवस त्यांनी मला सांगितला. त्यांनी वाट करून दिली होती. मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि बोळा परत कानात घातला.

त्या खंडेनवमीला मी सासुरवाडीला, पुण्याला गेलो. पुढच्या खंडेनवमीच्या आधी मामा वारले. पाळीवरून आले, पाणी मागितलं, आणि मामी तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपून लोक घराकडं परतत होते. मामींनी मला चहा दिला. फणी खुंटीवरच होती. ती काढायला माझा हात वर गेला नाही, आणि गेला असता तरी ठेवायची कुणाच्या मांडीवर?

कारखान्यात जाताना जुळवलेली वाक्यं मात्र अजून पाठ आहेत. आवाजात बुडाली ती हीच. मामा, खंडेनवमीचं छत्रीवाल्यांना मी सांगितलं. तेव्हा माझ्या खिशात पैसे होते. फणी माझ्या हातानं आणायची होती, तीही आणली नाही. माझं चुकलं, मामा.